जीन्सची खालची दुमड मारताना सुई सारखी तुटते, आता मशीन बदलावी का?

मशीन राहू द्या, आधी सुई बदला. तुम्ही लिहिलंय की जाड शिवणीवर आलं की मशीन जागेवरच घुरघुरते, टाके सुटतात आणि मग सुई जाते. माझंही कितीतरी दिवस असंच चाललं होतं आणि मी बिचाऱ्या मशीनला शिव्या घालत होते, नंतर लक्षात आलं की ब्लाउजची 11 नंबरची सुईच मी जीन्सवर चालवतेय. जीन्सला 16 नंबर लावा (पाकिटावर 100/16 असतं, 100 म्हणजे दांडी 1 मिमी जाड), फारच जाड असेल तर 18. बारीक सुई जाड कापडात वाकते, मग खालच्या हुकला दोऱ्याचा फास सापडत नाही म्हणून टाका सुटतो, आणि वाकलेलं टोक पत्र्याला आपटलं की संपलं.

पण खरी गोम पुढे आहे. बाजूची शिवण येते तिथे एकदम सात-आठ पदर होतात ना, तिथे फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) चढताना पुढून वर उचललं जातं आणि मागून टेकतं, तिरकं झालं की खालच्या दात्यांना कापड नीट धरता येत नाही, मग आपण काय करतो तर मागून कापड ओढतो, आणि त्या ओढण्यानेच सुई तुटते!! ओढू नका. पुठ्ठ्याची किंवा त्याच कापडाची तेवढीच जाड घडी करा, चढताना ती फूटच्या मागच्या भागाखाली सरकवा, उतरताना पुढच्या. फूट सपाट राहिलं की मशीन गुपचूप पुढे जाते. काही मशीनच्या फूटला बाजूला छोटं काळं बटण असतं, ते दाबून धरून फूट खाली सोडलं की ते सपाटच राहतं, तुमच्याकडे असेल तर घडीची भानगडच नाही.

आणि हो, हातोडी. हसू नका, त्या जाड जागेवर कापड ठेवून चार-पाच ठोके घाला, पदर चांगलेच दबतात. आतली जास्तीची पट्टी कापता येत असेल तर तीही कापा, पण सगळे पदर एकाच रेषेत कापू नका, थोडे मागेपुढे.

टाका मोठा ठेवा, साडेतीन-चार मिमीपर्यंत. जाड दोरा हवा असेल तर फक्त वर लावा, बॉबिनमध्ये नेहमीचाच. खाली दोऱ्याचे गुंते दिसले तर फूट वर उचलून वरचा दोरा परत ओवा, फूट खाली असताना ओवला की तो टेन्शनच्या (दोरा ताणून धरणाऱ्या) चकत्यांमध्ये बसतच नाही, मग खाली नुसता गोंधळ.

त्या जाड शिवणीच्या दोन इंचांत पायडल अजिबात मारू नका, चाक हाताने आपल्याकडे फिरवत एकेक टाका घाला. हातानेही चाक अडत असेल तर मात्र थांबा, तेवढे पदर घरच्या मशीनला झेपणारे नाहीत, तेवढी जागा हाताने शिवून टाका.