मेखा वाहणारे मरारी

प्रश्न : बायबलमधल्या निवासमंडपाची, म्हणजे इस्राएली लोकांच्या फिरत्या उपासना-तंबूची, सेवा म्हटली की याजकच आठवतात. लेवी वंशातल्या मरारी कुळाकडे नेमकं काय होतं? नुसती हमालीच ना?

उत्तर : हमालीच, पण चोख हिशेबाची. बायबलच्या गणना पुस्तकाच्या अध्याय 4 प्रमाणे 30 ते 50 वयाचे 3,200 मरारी त्यासाठी होते. त्यांच्याकडे 48 फळ्या, अडसर, खांब, मेखा, तणावे आणि चांदीच्या 100 उथळ्या (फळ्या-खांबांच्या बैठका). एकेक उथळी एक किक्काराची, म्हणजे तीस किलोंच्या वर. प्रत्येक फळीला खाली दोन कुसं (पुढे आलेले खुंट), ती दोन उथळ्यांत बसायची. एक उथळी मागे राहिली की फळी डुगडुगणारच. म्हणून वस्तू नावानिशी सोपवायची आज्ञा (4:32). हो, मेखासुद्धा!

ओझं जड म्हणून मरारींना चार गाड्या, आठ बैल. पडदे नेणाऱ्या गेर्शोनी या लेवी कुळाला दोन गाड्या, चार बैल. कहाथी या तिसऱ्या लेवी कुळाला एकही नाही, कारण पवित्र वस्तू खांद्यावरूनच न्यायच्या. दावीद राजाच्या वेळी नेमकं हेच चुकलं : कोश (देवाच्या कराराची पवित्र पेटी) नव्या गाडीवर चढवला, बैल अडखळले, सोबतच्या उज्जाने कोशाला हात लावला आणि तो जागीच मेला. पुढच्या खेपेस लेव्यांनी कोश दांड्यांनी खांद्यावर उचलला.

आणखी एक. कूच करताना मरारी-गेर्शोनी कहाथींच्या आधी निघत. कहाथी पोहोचेपर्यंत मंडप उभा हवा (गणना 10:21).