घानामध्ये कडक कायदे असूनही छोटे सोने खाणकामगार पारा का सोडत नाहीत? यावर उपाय काय?

कारण पारा त्यांचं काम काही मिनिटांत, हाताने आणि विजेशिवाय करतो, आणि संध्याकाळी सोनं विकून मजुरी वाटायची असते. आधी हे समजून घ्यायला हवं. शिक्षा वाढवून हे गणित बदलत नाही.

घानाने छोट्या सोने खाणकामाला 1989 मध्येच कायदेशीर केलं. परवाना फक्त घानाच्या नागरिकाला मिळतो, जास्तीत जास्त 25 एकरांसाठी. पण अर्ज खाण आयोगाकडे, सही मंत्र्यांची, पर्यावरण खात्याची परवानगी वेगळी. दगडात सोनं आज दिसतंय आणि कागद कधी येईल ठाऊक नाही, म्हणून लोक विनापरवाना खणतात. त्यालाच तिथे ‘गॅलमसे’ म्हणतात. 2017 मध्ये सरकारने परवानाधारकांसकट सगळ्यांचंच काम बंद केलं, ते 2018 च्या डिसेंबरपर्यंत. नियम पाळणाऱ्यालाही तीच शिक्षा झाली, ही माझ्या मते मोठी चूक होती. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा खाणकामाला किमान 15 वर्षं कैद ठेवली, तरी घानातल्या प्रा नदीचं पाणी खाणकामाने गढूळच आहे.

आता पाऱ्याकडे. दगड फोडून दळायचा, पाण्याबरोबर गालिचा अंथरलेल्या उतरत्या पन्हळीवरून सोडायचा, जड माल गालिच्यात अडकतो. गालिचा टबात धुवून तो गाळ घमेल्यात हलवून आणखी कमी करायचा. सोनाराच्या दुकानातली माती धुणारे आपले झारेकरी हेच करतात. या थोड्याशा गाळात पारा मळला की तो सोन्याचे कण धरून त्यांचा गोळा करतो, आणि एक ग्रॅम सोन्यामागे साधारण ग्रॅम-दीड ग्रॅम पारा लागतो. पण घाईत काहीजण पारा थेट चक्कीतच, सगळ्या दगडाबरोबर ओततात. तिथे तो पिठासारखा बारीक होतो, सोन्याला धरत नाही आणि सोनं घेऊनच वाहून जातो. खर्च कित्येक पट, सोनंही कमी. तपासणी करायचीच असेल तर आधी चक्की पाहावी आणि हे थांबवावं, कारण इथे खाणकामगाराचाही फायदा आहे.

जास्तीचा पारा फडक्यातून पिळून काढल्यावर उरलेल्या गोळ्यात साधारण निम्मा पारा असतो, तो उडवून सोनं मागे ठेवायला गोळा तापवतात. 10 ग्रॅमचा गोळा उघड्या तव्यावर जाळला की 5 ग्रॅमच्या आसपास वाफ होऊन नाकातोंडात आणि घरात जाते. यावर उपाय म्हणजे बंद झाकणाची पोलादी मूस आणि खाली उतरणारी नळी. झाकणाची फट ओल्या मातीने लिंपायची, नळीवर ओलं फडकं ठेवायचं, टोक पाण्याच्या भांड्यावर ठेवायचं पण पाण्यात बुडवायचं नाही. बुडवलं तर मूस थंड होताना पाणी आत ओढलं जातं, गरम पोलादावर त्याची एकदम वाफ होते आणि भांडं फुटू शकतं. पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडायचं नाही. नीट वापरली तर 90 टक्क्यांहून जास्त पारा परत मिळतो.

तरी लोक ती ठेवून देतात. वेळ जास्त लागतो, गोळा डोळ्यांआड जातो म्हणून भागीदारांना शंका येते, आणि लोखंडात तापलेलं सोनं काळपट दिसलं की व्यापारी भाव पाडतो. म्हणून मूस नुसती वाटून उपयोग नाही, खरेदीदारालाही सोबत बसवावं लागतं.

पारा पूर्ण टाळायचा तर फिलिपिन्समधल्या बेंगेतची रीत आहे: गाळात सोन्याचं प्रमाण खूप वाढेपर्यंत तो धुवायचा, लोहचुंबकाने काळी वाळू काढायची, मग टाकणखार घालून वितळवायचं. सल्फाइड म्हणजे गंधकयुक्त खनिजं जास्त असलेल्या दगडावर ही रीत नीट चालत नाही, हे आधीच सांगावं, नाहीतर एका अपयशाने गावाचा विश्वास उडतो.

आणखी एक जागा सहसा सुटते: गावातली सोने खरेदीची दुकानं. मुशीतून निघालेल्या सोन्यातही थोडा पारा उरतो आणि तो तिथे, भरवस्तीत, वितळवताना उडतो. धुराडं आणि पारा अडवणारी गाळणी नसलेल्या दुकानाला खरेदीचा परवाना देऊ नये. रानात विखुरलेल्या खड्ड्यांपेक्षा बाजारपेठेतली दुकानं तपासणं खूप सोपं आहे.