चक्की फिरते, दिवा लागत नाही

प्रश्न : चाळकेवाडीच्या पवनचक्क्या पाहून आठवीतल्या लेकीने विज्ञान प्रदर्शनासाठी खेळण्यातल्या मोटरची चक्की केली. टेबलफॅनसमोर गरगर फिरते, पण पांढरा एलईडी लागत नाही. मोटर बदलू का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, मोटर राहू द्या. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, तांबड्याला २च्या आसपास. तांबडा लावा, नाही पेटला तर उलटा करून बघा. त्यातून वीज एकाच दिशेने जाते. (यात मी एकदा अख्खी रात्र घालवलीय.) वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, तेव्हा फॅन जवळ घ्या. पात्यांचा कोन मात्र तिलाच बदलू द्या, दर वेळचं व्होल्टेज वहीत लिहू द्या. परीक्षक असताना मी चक्कीआधी वहीच मागायचो.