स्टेपल न मारता लाकडी पट्ट्यांची कयाक बांधता येते का? दुप्पट वेळ लागतो म्हणतात, खरं का? आणि पुण्यात जमेल का?

येते. पहिलीच बोट असली तरी येते. ‘आधी एक बोट स्टेपल मारून बांधा, मग हा नाद करा’ हा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिलेला दिसतोय, तो मला पटत नाही. मी व्हँकुव्हरच्या बाजूला राहतो. इथे वेस्टर्न रेड सीडर वखारीत सरळ विकत मिळतं, त्यामुळे लाकडाची चिंता मला नव्हती. तुम्हाला ती असणार, त्याबद्दल शेवटी लिहितो.

आधी स्टेपलचं काम काय ते बघा. प्लायचे किंवा एमडीएफचे साचे साधारण फूटभर अंतराने एका सरळ तुळईवर उभे करतात. त्यांच्यावर सहा मिलीमीटर जाड आणि पाऊण इंच रुंद पट्ट्या एकीला एक चिकटवत जायचं. फेविकॉल सुकेपर्यंत पट्टी जागेवर धरून ठेवायची, एवढंच स्टेपलचं काम. मग ते उपटून टाकायचे. बोटीला ताकद येते ती आतून-बाहेरून चढवलेल्या काचकापडाने (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि इपॉक्सीने (दोन भाग मिसळले की कडक होणारं रेझिन). म्हणजे स्टेपल टाळल्याने बोट कमजोर होत नाही आणि मारल्याने मजबूतही होत नाही. प्रश्न फक्त दिसण्याचा आहे.

पण हे दिसणं क्षुल्लक नाही. सतरा फुटी कयाकला सोळाएक साचे लागतात आणि मधल्या भागात हुल (बोटीचा खालचा भाग) नि डेक (वरचं झाकण) मिळून सगळीकडून सुमारे ऐंशी पट्ट्या बसतात. टोकांकडे पट्ट्या कमी होतात हे धरलं तरी हजाराच्या आसपास स्टेपल झाले, आणि प्रत्येकाला दोन पाय. ओल्या फडक्याने भोकं थोडी फुगून मिटतात, उरलेली इपॉक्सीने भरतात, तरी प्रत्येक साच्याच्या जागी ठिपक्यांची रांग कायमची दिसत राहते. फिकट लाकडावर तर जास्तच.

आता पट्टी धरायची कशी. मुख्य हत्यार म्हणजे प्लायचा एल आकाराचा तुकडा. तो साच्याला क्लॅम्पने आवळायचा, त्याचा आडवा हात पट्टीच्या वर येतो. हात आणि पट्टी यांच्यामध्ये लाकडाची पाचर सरकवली की पट्टी खालच्या पट्टीवर दाबली जाते. उभा हात तिला साच्याकडे रेटतो. असे तुकडे दर साच्याला एक, दोन्ही बाजूंना, म्हणजे बरेच करून ठेवावे लागतात. भंगारातला प्लाय चालतो. साच्यांना कडेपासून इंचभर आत मोठी भोकं पाडून घ्या, नाहीतर क्लॅम्पला तोंड घालायला जागाच मिळत नाही. ही भोकं साचे उभे करायच्या आधी पाडायची. साच्यांच्या कडांना पॅकिंग टेप लावायलाही विसरू नका, फेविकॉल तिथे चिकटला की बोट साच्यावरून सुटत नाही.

पट्टीच्या एका कडेला गोलाई आणि दुसऱ्या कडेला खोबण मारून घेतली असेल तर खोबण वर ठेवायची. त्यात फेविकॉलची बारीक रेघ ओढता येते. पण खोबणीच्या दोन्ही ओठांची जाडी जेमतेम कागदाएवढी असते. पाचर थेट त्यावर ठोकलीत तर ते चुरडतात आणि पुढची पट्टी बसल्यावर तिथे फट दिसते. म्हणून गोलाईच्या कडेचा बोटभर लांबीचा तुकडा खोबणीत बसवायचा आणि पाचर त्याच्यावर टेकवायची. असे पाच-पंचवीस तुकडे खिशात ठेवूनच कामाला लागायचं.

दोन साच्यांच्या मधल्या भागात मास्किंग टेप. खालच्या तीन-चार पट्ट्यांना चिकटवून ताणायची आणि वरच्या पट्टीवरून आत वळवायची, दर वितीवर एक. काढताना टेप स्वतःवरच उलटी वळवून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, सावकाश ओढा. सीडर मऊ असतं, आडवी खेचली की पापुद्रा निघतो. सायकलच्या जुन्या ट्यूब कापून केलेले पट्टे बोटीला गुंडाळायला फार कामाचे, मी तर टेपपेक्षा त्यांच्यावरच जास्त भरवसा ठेवतो.

खरी परीक्षा टोकांपाशी. मध्यावर उताणी असलेली पट्टी टोकाला जवळजवळ उभी होते आणि तो पीळ तिला सोसत नाही. हीट गनने पट्टी गरम करून हाताने पिळत नेली की सीडर बरंच ऐकतं. जिथे हुल आत वळते, त्या खोलगट भागात ट्यूबचा उपयोग नाही, ती आरपार ताणली जाते. तिथे साच्यावर ग्लू गनचा एक थेंब टाकून पट्टी दाबून धरायची. काही जण संपूर्ण बोटच ग्लू गनवर बांधतात. मला ते आवडत नाही, कारण थेंब जाड पडला तर पट्टी साच्यापासून उचललेली राहते आणि साचे काढताना लाकडाचे तंतू उपटले जातात. निघत नसेल तर थेंबाच्या कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा, पकड सुटते.

या पद्धतीचा एक फायदा फारसं कोणी सांगत नाही. एखादा साचा दोन मिलीमीटर आत बसला असेल तर स्टेपल पट्टीला त्या खड्ड्यात ओढून नेतो आणि बोटीला घळ पडते. स्टेपल नसेल तर पट्टी स्वतःच्या स्प्रिंगने सरळ पुढे जाते, साच्याला टेकतच नाही. अशा वेळी तिला दाबू नका. तिने धरलेली रेघ बहुतेक वेळा तुमच्या साच्यापेक्षा बरोबर असते. मात्र याचीच दुसरी बाजू अशी की चुकीची तासलेली पट्टी बळजबरीने बसवायची सोय राहत नाही. ती छोट्या रंध्याने पुन्हा तासावीच लागते.

वेळेचं म्हणाल तर ‘दुप्पट’ हे पट्ट्यांच्या टप्प्यापुरतं खरं आहे. पट्टी पाऊण तास तरी दाबून ठेवावी लागते. एकीकडची सुकेपर्यंत दुसऱ्या बाजूची लावायची, तरी एका संध्याकाळी दोन्हीकडे मिळून चार-पाच झाल्या की खूप. पण घासणं, काचकापड, इपॉक्सी, हुल आणि डेक जोडणं, वॉर्निश या कामांना दोन्ही पद्धतींत सारखाच वेळ लागतो, आणि हजार स्टेपल उपटायचा वैताग वाचतो. घाई असेल तर पाण्याखाली जाणाऱ्या तळाला स्टेपल मारा आणि डेक तेवढं बिनस्टेपलचं करा. तळ बघायला कोण वाकतंय.

आता पुणे. सागवानाच्या मोहात पडू नका. अशा कयाकला साधारण पाच चौरस मीटर लाकूड लागतं. सहा मिलीमीटर जाडीला सीडरचं वजन अकरा किलोच्या आसपास येतं, सागाचं एकोणीस-वीस किलो, तेही काच आणि इपॉक्सी धरण्याआधी. आयात केलेलं सीडर बाहेरच्या भिंतींच्या आवरणासाठी आणि सॉना खोल्यांसाठी विकतात, तिथे चौकशी करा. सतरा फुटी सलग पट्ट्या मिळाल्या नाहीत तर जाडीच्या आठपट लांबीचा तिरका सांधा मारून जोडा. शेजारशेजारच्या पट्ट्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. फेविकॉल साधा असला तरी चालतो, तो काचेच्या आत बंद राहतो.

फायबरच्या दुकानात मात्र ठाम राहा. तिथे पॉलिएस्टर रेझिन आणि चटईसारखं मॅट हातात देतात. पॉलिएस्टर लाकडाला नीट धरत नाही आणि मॅटमधून लाकूड स्वच्छ दिसत नाही, मग स्टेपल टाळून काय मिळवलं? इपॉक्सी आणि विणलेलं कापडच घ्या, बाहेरून दोनशे ग्रॅमचं. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत इपॉक्सीवर चिकट मेणासारखा थर येतो. आणि लावायचं ते दिवस कलल्यावर. सकाळी लावलंत तर ऊन चढतं तशी लाकडातली हवा प्रसरण पावते आणि कापडाखाली बुडबुडे धरतात. संध्याकाळी हवा आकुंचन पावत असते, तेव्हा लाकूड इपॉक्सी आत ओढून घेतं.