सारस पक्ष्याच्या चित्राचे ५० छाप विकून मी मामा (माजी मालगुजारी) तलावातला गाळ काढण्यासाठी पैसे उभे करतोय. संपल्यावर आणखी छापले तर चालेल का?

नाही, अजिबात नको. आकडा जाहीर केला म्हणजे शब्द दिला. लिनोवर (लिनोलियमच्या मऊ पट्टीवर) चित्र कोरलं असेल तर पन्नासावा छाप निघताच ठशावर आडवी चीर मारा, म्हणजे मोहच नको. छापाखाली पेन्सिलीनंच लिहा: डावीकडे १२/५० (म्हणजे पन्नासातला बारावा), उजवीकडे सही. स्वतःसाठी चार-पाच प्रती ठेवणार असाल तर तेही आधीच सांगा.

कागद, शाई, कुरिअर वजा जाता तलावाला किती जाणार, ते सोबतच्या चिठ्ठीवर रुपयांत लिहा. 'काही भाग' असं मोघम नको. आपल्या गोंदियाकडे गाळ उन्हाळ्यात पाणी आटल्यावरच निघतो, म्हणून विक्री दिवाळीपासूनच लावा. आणि काठ खोल खणू देऊ नका. सारसाला उथळ पाणीच लागतं. आधी तलावात माजलेली बेशरमाची झुडपं उपटा.