मामांचा वड

प्रश्न : माझ्या सासऱ्यांनी 14 वर्षं वाढवलेला वडाचा बोन्साय आमच्या गच्चीवर आहे. मामा दिवाळीनंतर गेले. कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर आली होती, म्हणून अक्षय तृतीयेला मी धीर करून कुंडी बदलली. निम्मी मुळं कापली, शेतातली काळी माती भरली, झाडाला ताकद यावी म्हणून डीएपी या रासायनिक खताचे चार-पाच दाणे घातले. आज 12 दिवस झाले. पानं पिवळी पडून गळायला लागलीत. दोन वेळा पाणी घालते, तरी उरलेली पानं मान टाकून असतात. झाड वाचेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, वेळ जायला नको म्हणून हे उत्तर तुम्हाला पत्र आलं त्याच दिवशी पोस्टाने पाठवलं. इतरांनाही उपयोग होईल म्हणून इथे देतोय.

आधी एका बारीक फांदीची साल नखाने हलकेच खरवडा. खाली हिरवं दिसलं, चीक आला, की वड जिवंत आहे. फांदी सुकी निघाली तर थोडं खाली, खोडाकडे सरकून बघा. नुसत्या पानगळीने घाबरू नका. मुळं दुखावली की वड पानं टाकतो आणि खर्च कमी करतो.

मला काळजी आहे ती मातीची. तुमच्याकडची काळी माती तंबाखूला, ज्वारीला सोनं. पण दोन-तीन इंच खोल कुंडीत ती चिखल होऊन बसते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. हवा मिळाली नाही की मुळं कुजतात, पाणी वर चढत नाही आणि पानं मान टाकतात. आपल्याला वाटतं झाड तहानलंय, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. तुमचा वड गुदमरलाय, ताई. त्यात कापलेल्या मुळांना डीएपी म्हणजे जखमेवर मीठ.

एरवी मी म्हणतो, एकदा बदललेली कुंडी वर्षभर हलवू नका. इथे मात्र हलवावीच लागेल. सावलीत बसून अख्खा गड्डा अलगद बाहेर काढा आणि काळी माती पाण्याच्या बारीक धारेने सोडवा. दाणेही त्यातच जातील. काळी, बुळबुळीत झालेली मुळं तेवढी कापा. पांढऱ्या टोकांना हात लावू नका.

नवं मिश्रण असं : जुनी कौलं किंवा विटा फोडून चाळलेले ज्वारीच्या दाण्याएवढे खडे दोन भाग, जाड वाळू एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग. खड्यांची भुकटी चाळून टाकाच, नाहीतर पुन्हा चिखल. भोकांवर जाळी ठेवा आणि त्याच भोकांतून तार ओवून झाड कुंडीला बांधा. वाऱ्याने खोड हललं तरी नवी मुळं तुटतात.

1996 साली मी शहापुरातल्या एका पडक्या भिंतीतून उंबराचं रोप काढून आणलं होतं. मुळं धरली का, हे बघायला दर चार दिवसांनी माती उकरायचो. केसासारखी नाजूक टोकं दर वेळी तुटत गेली आणि ते झाड गेलं. चांगलं वाढलं असतं, अजून आठवतं. म्हणून कळकळीने सांगतो, यानंतर उकरू नका.

कुंडी गच्चीवरून खाली आणा. सकाळी नऊपर्यंतचं कोवळं ऊन, नंतर सावली. पाणी घड्याळ बघून घालू नका. अगरबत्तीची रिकामी काडी मातीत दहा मिनिटं खोचा, ती ओली निघाली तर त्या दिवशी पाणी नाही. वळीव कोसळला तर कुंडी वळचणीला घ्या. मिरगाचा पाऊस सुरू झाला की दमट हवा वडाला मानवेल, तेव्हा बाहेर ठेवा; फक्त एका बाजूला कौलाचा तुकडा सरकवून कुंडी तिरकी करा, पाणी साचणार नाही. खत नागपंचमीपर्यंत अजिबात नको, नंतरही अगदी पातळ करूनच.

फांद्यांच्या टोकाला टोकदार कोंब फुगू लागला की समजा, मुळं कामाला लागली. पहिली पानं मोठी येतील, बोन्सायला शोभणार नाहीत. ती खुडू नका. मुळांना अन्न तीच पुरवणार आहेत.