तोंडीला गप्प, कागदावर बोलकी : मुलीनं पुढे काय शिकावं?

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. ती नऊ वर्षांची असताना ऑटिझमचं निदान झालं. लेखी पेपर छान जातात, पण अकरावीच्या प्रॅक्टिकलला सरांनी तोंडी प्रश्न विचारले तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. सरांना वाटलं, अभ्यासच केलेला नाही. घरी मात्र शेजारच्या खोलीतून मला व्हॉट्सॲपवर पानभर लिहिते. मी म्हणते, 'मेसेज नको, इथे येऊन सांग,' की गप्प. आमच्या माळावरच्या गवतांची आणि रानफुलांची एक वही ती काही वर्षं ठेवते आहे. नातेवाईक म्हणतात, बोलता येत नाही तर इंटरव्ह्यूत काय करणार? तिला व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासला घालू का? आणि पुढे काय शिकवू?
– एक आई, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : ताई, क्लासचं आधी सांगते. नको. बारावीचं वर्ष आहे, तिची ताकद मोजकी आहे, आणि अनोळखी मुलांसमोर स्टेजवर उभं करून बोलायला लावल्यानं तिची बोलण्याची धास्ती वाढेल. तिला स्वतःला स्पीच थेरपी हवी असेल तर जरूर द्या. पण ती हवी की नको, हे तिलाच विचारा. अर्थात लेखी विचारा.

तोंडी परीक्षेत काय होतं ते पाहा. सर प्रश्न विचारतात, तो ऐकून समजून घ्यायचा, त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं, मागे रांगेतल्या मुलांची कुजबुज, पंख्याचा आवाज, उत्तर जुळवायचं आणि ते दोन-चार सेकंदांत बाहेर काढायचं. हे सगळं एकाच वेळी. अनेक स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, माणसांचं बोलणं अशा गर्दीत अडकतं; उत्तर डोक्यात असतं, पण ओठांपर्यंत येत नाही. कागदावर प्रश्न समोर थांबून राहतो. पुन्हा वाचता येतो, उत्तर खोडून सुधारता येतं, समोरच्याचा चेहरा सांभाळावा लागत नाही. ब्रिटनमधल्या दोन संशोधिकांनी २०२१ साली २४५ स्वमग्न प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक कामांसाठी त्यांची पसंती ईमेलसारख्या लेखी संपर्काला होती आणि फोन सर्वांत नकोसा होता. घरच्या आणि जवळच्या माणसांशी मात्र समोरासमोर बोलणंही अनेकांना चालत होतं. सगळ्यांचं असंच असतं असं नाही. काही स्वमग्न मुलं भरभरून बोलतात आणि लिहायला बसलं की अडतात. तुमच्या लेकीचं काय आहे, ते तुमच्या पत्रात स्पष्ट दिसतं.

म्हणून शेजारच्या खोलीतून आलेल्या मेसेजला मेसेजनंच उत्तर द्या. ती तुमच्याशी बोलतेच आहे.

आता प्रॅक्टिकल. आपल्याकडे दिव्यांग विद्यार्थी म्हटलं की कॉलेज लगेच लेखनिक देऊ करतं. तो तिला उपयोगाचा नाही, कारण लेखनिकाला उत्तर तोंडीच सांगावं लागतं! तिला हवी असलेली सोय नेमकी उलट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता मान्य आहे, त्यात ऑटिझम आहे. याच कायद्यात संवादाच्या व्याख्येत लेखी संवादाचा उल्लेख आहे. आणि परीक्षेतल्या लेखनिकाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं आहे की सोय त्या व्यक्तीची गरज पाहून ठरवायची असते. प्राचार्यांना आत्ताच अर्ज द्या, त्यांच्यामार्फत तो कोल्हापूरच्या विभागीय मंडळाकडे जाऊ द्या, आणि पोहोच घ्या. मजकूर तिचाच असावा, साधारण असा :

'मला ऑटिझम आहे. मला विषय येतो, पण अचानक विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तोंडी देऊ शकत नाही. तोंडी परीक्षेचे प्रश्न मला कागदावर द्यावेत. मी तिथेच बसून उत्तरं लिहून देईन. त्यासाठी थोडा जास्त वेळ मिळावा. प्रश्न इतरांना असतील तेवढेच अवघड असावेत.'

शेवटचं वाक्य गाळू नका. आपण सवलतीचे गुण मागत नाही, हे परीक्षकाला त्यातून कळतं.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर जिल्हा रुग्णालयातून काढून घ्या. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव असतात. नोकरीच्या वेळीही ते लागतं.

पुढे काय शिकावं, याचं उत्तर मला तिच्या वहीत दिसतं. वनस्पतींच्या वर्गीकरणाचं शास्त्र मोठ्या अंशी लिहून होणारं शास्त्र आहे. हर्बेरियममध्ये, म्हणजे वनस्पतींच्या संग्रहालयात, वाळवून ठेवलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची, आजूबाजूचा अधिवास, ताज्या फुलाचा रंग हे सगळं लिहिलेलं असतं, कारण वाळल्यावर रंग उडतो आणि मग तो पुन्हा कुणालाच कळत नाही. पाहणं आणि नेमकं लिहिणं, याच दोन गोष्टींवर तिथे काम उभं राहतं. तुम्ही तर भाग्याच्या जिल्ह्यात आहात. शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आणि तिथे काम केलेले डॉ. एस. आर. यादव यांचं कंदीलपुष्पांवरचं (सेरोपेजिया या रानवनस्पतींवरचं) संशोधन प्रसिद्ध आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहेत. बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र तिला झेपेल आणि आवडेल, असं मला मनापासून वाटतं. वहीत ती आजपासून प्रत्येक नोंदीला तारीख, नेमकं ठिकाण आणि फोटो जोडू दे. दुर्मीळ झाड उपटायचं मात्र नाही.

पण पुढची अडचण झाकून ठेवत नाही. या विषयात एम.एस्सी. झालेली बरीच मुलं शिकवण्याच्या नोकरीकडे जातात, आणि शिकवणं म्हणजे बोलणं. निव्वळ संशोधनाच्या जागा थोड्या. पीएच.डी.लाही मुलाखत असते, प्रबंधाची तोंडी परीक्षा असते. म्हणून पदवीच्या काळातच जोडीला एक लेखी कौशल्य पक्कं करावं : विज्ञानविषयक भाषांतर, संपादन, नाहीतर नमुन्यांच्या नोंदींचं डेटाबेसवरचं काम. बियाणं आणि औषध कंपन्यांच्या गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळांतही नोंदी चोख ठेवणाऱ्या माणसाला किंमत असते.

इंटरव्ह्यूची भीती घालणाऱ्या नातेवाइकांना एवढं सांगा : केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या आहेत. सार्वजनिक बँकांतल्या लिपिकांची निवडही लेखी परीक्षेवर होते, पण तिथे काउंटरवर ग्राहकांशी बोलावं लागतं, ते आधी धरा. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणात ऑटिझमचा समावेश आहे; कोणती पदं त्यासाठी निश्चित केली आहेत, ती यादी जाहिरातीसोबत तपासावी. कोर्स निवडताना मी पालकांना नेहमी दोन गोष्टी बघायला सांगते : दारावर परीक्षा कोणती आहे, आणि आत गेल्यावर दिवसभर काय करावं लागतं.

खासगी क्षेत्र हळूहळू शिकतं आहे. डेन्मार्कमध्ये एका स्वमग्न मुलाचे वडील, थोरकिल सोन्ने, यांनी २००४ साली स्पेशलिस्टर्न ही कंपनी काढली. तिथे उमेदवाराला मुलाखतीत तोलण्याऐवजी प्रत्यक्ष काम देऊन पाहतात. अमेरिकेच्या टेम्पल ग्रँडिन स्वमग्न आहेत आणि पशुविज्ञानाच्या प्राध्यापक आहेत. तरुणपणी त्या स्वतःबद्दल बोलण्याआधी गुरांच्या गोठ्यांचे आपले आराखडे समोरच्या टेबलावर ठेवत. तुमच्या लेकीची वही हाच तिचा आराखडा. तिची नीट फाईल करा.

एक छोटी गोष्ट लगेच करा. तिच्या दप्तरात एक कार्ड ठेवा : 'मला ऐकू येतं आणि समजतं. आत्ता बोलता येत नाही. कृपया लिहून विचारा.' खाली तुमचा नंबर. एसटीत, दवाखान्यात, परीक्षा केंद्रावर उपयोगी पडेल.

मला फोन करायची गरज नाही. पुढचं पत्र तिनं लिहिलं तर फार आवडेल. तिला माझे तीन प्रश्न द्या, हवा तेवढा वेळ द्या : वहीतलं कोणतं पान तिला सगळ्यांत आवडतं? दिवसभरात किती वेळ माणसांत राहणं तिला जमतं? आणि कॉलेजच्या पहिल्या दिवशी शिक्षकांना तिच्याबद्दल आधीच काय माहीत असलेलं तिला चालेल?